लोखंडी पलंगाची चाके : मोजणी, जोड आणि चाचणी यांची सविस्तर पद्धत

फॅब्रिकेशनच्या दुकानात दुरुस्तीला आलेला चाकांचा लोखंडी पलंग उलटा करून पाहिला, तर चाक बहुधा शाबूत असते. पायाच्या पाईपचे टोक मात्र फाकलेले असते, त्यात ठोकलेले प्लॅस्टिकचे बूच चिरलेले असते आणि चाकाचा बोल्ट एका बाजूला कललेला असतो. तरीही तक्रार चाकाचीच होते. नवे, थोडे मोठे चाक विकत आणले जाते, ते त्याच फाकलेल्या टोकात बसवले जाते आणि काही महिन्यांत पलंग पुन्हा त्याच कोपऱ्यावर बसतो. चाकाच्या पलंगाची रचना सुधारायची असेल, तर सर्वाधिक विचार आणि सर्वाधिक खर्च चाक व पाय यांच्या जोडावर व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखात सर्वाधिक जागाही त्या जोडालाच दिली आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास बनणारा पलंग घेतला आहे. सव्वासहा फूट लांबी, पाच फूट रुंदी, ४० × ४० मि.मी. चौकोनी पाईपचे पाय, पाईपची जाडी १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी., वर १२ मि.मी. जाडीचे प्लायवूड आणि त्यावर काथ्याची गादी. मापे बदलली तर आकडे बदलतील, पण मोजण्याची पद्धत तीच राहील.

पलंग कशासाठी हलणार आहे

चाक निवडण्यापूर्वी पलंग कोण, किती वेळा आणि कोणत्या जमिनीवरून हलवणार आहे, हे स्पष्ट लिहून काढावे. घरातला पलंग बहुधा झाडलोट करण्यासाठी हात-दोन हात पुढे ओढला जातो आणि परत भिंतीला लावला जातो. म्हणजे आठवड्यातली काही मिनिटे तो फिरतो आणि उरलेला सगळा वेळ दोन-तीन माणसांचे वजन घेऊन एकाच जागी उभा असतो. हॉस्पिटलच्या पलंगाची गोष्ट वेगळी आहे. तो माणसासह, लांब अंतर, लिफ्टच्या फटीवरून आणि वेगवेगळ्या फरश्यांवरून रोज ढकलला जातो, म्हणून त्याला १२५ किंवा १५० मि.मी. व्यासाची चाके आणि एका पायपट्टीने सगळी चाके बांधणारी मध्यवर्ती लॉकची यंत्रणा लागते. आंतरराष्ट्रीय मानकांतही हा भेद स्पष्ट केलेला आहे. फर्निचरच्या चाकांसाठी आयएसओ २२८७९ आणि हॉस्पिटलच्या पलंगाच्या चाकांसाठी आयएसओ २२८८२ अशी दोन वेगळी मानके आहेत. घरी आजारी माणसासाठी पलंग करून घेणाऱ्यांनी फर्निचरचे चाक लावून वेळ मारून नेऊ नये, कारण तिथे पलंग माणसासकट सरकणार असतो.

घरगुती पलंगाच्या चाकाचे मुख्य काम उभे राहणे हे आहे, हे एकदा मान्य केले की पुढचे अनेक निर्णय सोपे होतात. उदाहरणार्थ, चाकाच्या धुऱ्यावर महाग बॉल-बेअरिंग घेण्याची गरज उरत नाही, ८ मि.मी. धुऱ्यावर फिरणारे साधे बुशचे (छऱ्यांऐवजी नुसती नळी असलेले) चाक एवढ्या कमी फिरण्याला पुरते. तो पैसा फिरत्या भागाच्या छऱ्यांच्या दुहेरी ओळीवर आणि जाड पत्र्याच्या फोर्कवर (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागावर) घालावा, कारण उभ्या वजनाचा मार तिथे बसतो.

एका चाकावर किती वजन

सांगाडा ४५ किलो, प्लायवूड सुमारे २२ किलो, गादी २८ किलो आणि अंथरूण-पांघरूण ५ किलो धरले, तर रिकामा पलंग १०० किलोचा होतो. त्यावर ७० किलोची दोन मोठी माणसे आणि २० किलोचे मूल धरले की एकूण २६० किलो. माणूस पलंगावर हळूच बसत नाही आणि मुले त्यावर उड्या मारतात, म्हणून या आकड्याला १.५ ने गुणावे. उत्तर ३९० किलो येते.

आता हा आकडा चारने भागण्याचा मोह टाळावा. फरशी कधीही पूर्ण सपाट नसते, वेल्डिंगमध्ये सांगाडा थोडा पिळवटतो, आणि ताठ सांगाड्याचे चार पाय एकाच वेळी सारखे वजन घेत नाहीत. एक चाक हवेत आहे असे धरून तीनने भागावे. ३९० भागिले ३ म्हणजे १३० किलो. चाकावर छापलेली क्षमता याहून कमी असेल, तर ते चाक या पलंगासाठी नाही. क्षमता छापलेलीच नसेल, तर दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर ती ठरवू नये.

पाच फुटी पलंगाला मध्ये एक किंवा दोन जादा पाय देण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे. मात्र मधल्या पायालाही तेच चाक लावले आणि तो इतरांपेक्षा दोन मिलिमीटरने जरी लांब राहिला, तरी सगळा पलंग त्याच्यावर डुलू लागतो. मधल्या पायाला चाक न देता आट्यांचा, कमी-जास्त होणारा पाया द्यावा आणि पलंग जागेवर लावल्यावर तो हाताने खाली उतरवून जमिनीला टेकवावा. पलंग ओढण्यापूर्वी तो वर घेण्याची सवय घरच्यांना लावावी लागते, एवढीच त्याची अडचण.

चाकाचा व्यास आणि पलंगाची उंची

छोटे चाक स्वस्त असते आणि दिसतही नाही, परंतु फरशीच्या सांध्यावर ते अडते. चाकापुढे एखादी उंच कड आली, तर ते चढवण्यासाठी लागणारे आडवे बळ चाकाच्या त्रिज्येवर आणि कडेच्या उंचीवर अवलंबून असते. ३ मि.मी. उंच कडेसाठी हे बळ ५० मि.मी. व्यासाच्या चाकाला त्यावरील वजनाच्या ५४ टक्के, ७५ मि.मी. चाकाला ४३ टक्के, १०० मि.मी. चाकाला ३६ टक्के आणि १२५ मि.मी. चाकाला ३२ टक्के लागते. रिकामा पलंग ओढताना पुढच्या दोन चाकांवर मिळून ५० किलो असतात असे धरले, तर ५० मि.मी. चाकांना सुमारे २७ किलोचा जोर लागेल, ७५ मि.मी. चाकांना २१ किलोचा. पलंगावर ७० किलोचा माणूस झोपलेला असेल, तर ५० मि.मी. चाकांना ४६ किलोचा आणि १२५ मि.मी. चाकांना २७ किलोचा जोर लागेल. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल असलेल्या फ्लॅटमध्ये ५० मि.मी. चाक चालून जाते. शहाबादी किंवा कोटा फरशीच्या जुन्या घरात, जिथे फरश्यांच्या कडा खाली-वर असतात, तिथे ७५ मि.मी. पेक्षा लहान चाक लावू नये.

व्यास वाढला की उंची वाढते. ठोकळमानाने अंदाज करण्यापेक्षा चाक हातात घेऊन, जमिनीपासून त्याच्या वरच्या बैठकीपर्यंतची उंची पट्टीने मोजावी आणि तेवढी पायाच्या लांबीतून वजा करावी. गादीसह बसण्याची उंची ४५० मि.मी.च्या आसपास राहिली तर बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात. घरात वयस्कर माणसे असतील तर हा हिशेब पाईप कापण्यापूर्वीच व्हायला हवा, कारण चाक लावल्यावर पलंग ७०-१०० मि.मी.ने उंच झाल्याचे लक्षात आले, की मग पाय कापून जोड पुन्हा नव्याने करावा लागतो.

चाकाचा पृष्ठभाग

कडक नायलॉनचे चाक वजन उत्तम पेलते, उभे राहून चपटे होत नाही आणि सहज फिरते. पण त्याचा जमिनीशी स्पर्श फारच थोड्या जागेवर होतो, त्यामुळे खाली पोकळ राहिलेल्या टाइलला तडा जाण्याचा धोका असतो आणि लाकडी किंवा व्हिनाइलच्या जमिनीवर खळगा पडतो. काळ्या रबराचे चाक मऊ असते, पण एकाच जागी महिनोन्महिने उभे राहिले की त्यातील रसायने व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळसर-तपकिरी डाग पडतो, जो पुसून जात नाही. शिवाय मऊ चाक वजनाखाली एका बाजूने चपटे होते आणि पलंग ओढताना धडधड आवाज करते.

घरगुती पलंगासाठी नायलॉनच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचे आवरण असलेले, डाग न पाडणारे चाक मी सुचवेन. आवरणाचा कडकपणा शोअर ए मापाने ९० ते ९५ असावा. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत मात्र एक बाब विचारून घ्यावी. पॉलियुरेथेन दोन प्रकारचे असते, पॉलिएस्टरवर आधारित आणि पॉलिईथरवर आधारित. पहिल्या प्रकारात ओलाव्यामुळे रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि काही वर्षांत आवरण चिकट होऊन तुकड्या-तुकड्यांनी सुटू लागते. दमट प्रदेशात पॉलिईथरचेच चाक घ्यावे. विक्रेत्याला त्यातला फरक सांगता येत नसेल, तर नायलॉनचे जोडचाक घेणे अधिक सुरक्षित आहे. जोडचाकात दोन चाके एकाच धुऱ्यावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे जमिनीवरचा भार दोन ठिकाणी वाटला जातो, आणि जागच्या जागी वळताना एक चाक पुढे व दुसरे मागे फिरत असल्यामुळे वजनाखालीही ते घासत नाही.

जोड : बोल्ट का वाकतो

फिरत्या चाकाचा धुरा बोल्टच्या बरोबर खाली नसतो. तो थोडा बाजूला असतो. हे आडवे अंतर असते म्हणूनच चाक ओढण्याच्या दिशेने आपोआप वळते. पण त्याच अंतरामुळे पलंगाचे वजन बोल्टला सरळ खाली दाबत नाही, तर त्याला वाकवते. आपल्या उदाहरणात १३० किलो म्हणजे सुमारे १२७५ न्यूटन भार आहे आणि आडवे अंतर २५ मि.मी. धरले, तर वाकवणारे बळ ३२ न्यूटन-मीटर होते.

हे सगळे एकट्या बोल्टने सोसायचे ठरवले, तर काय होते ते पाहावे. आट्यांच्या तळाशी मिळणारा व्यास धरून हिशेब केला, तर ८ मि.मी. बोल्टमध्ये दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२०० न्यूटन ताण येतो, १० मि.मी. बोल्टमध्ये सुमारे ६०० आणि १२ मि.मी. बोल्टमध्ये सुमारे ३४०. साधे मऊ पोलाद २५० न्यूटनच्या आसपास कायमचे वाकते. म्हणजे नुसत्या बोल्टच्या जोरावर यातला एकही जोड टिकणारा नाही, १२ मि.मी.चाही नाही. चाक टिकते ते बोल्टच्या मुळाशी असलेली गोल बैठक पायाच्या तळाला पूर्ण टेकून घट्ट आवळलेली असते म्हणून. ती टेकलेली असेल तर वाकवणारे बळ बैठकीच्या कडेवरून थेट पायाच्या तळपट्टीत जाते आणि बोल्टला मुख्यतः ओढ बसते. बैठक आणि पाय यांच्यात एक मिलिमीटरची फट राहिली, तर सगळा हिशेब पुन्हा वरच्या आकड्यांवर येतो.

यावरून जोडाच्या रचनेसाठी तीन अटी निघतात. पायाला जाड आणि सपाट तळ हवा, बोल्टला वर लांब पकड हवी, आणि ती पकड पाईपच्या पातळ भिंतींना एकाच ठिकाणी न ढकलता दोन पातळ्यांवर वाटली गेली पाहिजे. प्लॅस्टिकचे बूच यातली एकही अट पुरी करत नाही. पाईपच्या तोंडावर २ मि.मी. पत्रा लावून त्यावर नट टाकून टॅक (वेल्डचे एक-दोन ठिपके) मारण्याची पद्धत पहिल्याच अटीत नापास होते, कारण तो पत्रा वजनाखाली वाटीसारखा आत दबतो.

जोड : प्रत्यक्ष कृती

पायासाठी १६ गेजपेक्षा पातळ पाईप घेऊ नये; १४ गेज म्हणजे २ मि.मी.चा मिळाला तर अधिक चांगले. पाईप काटकोनात कापावा आणि तोंडाची आतली बाजू नीट पाहावी. वेल्ड करून बनवलेल्या चौकोनी पाईपच्या आत एका भिंतीवर शिवणीचा बारीक उंचवटा लांबभर गेलेला असतो. तो हाताला जाणवतो, पण डोळ्याला चटकन दिसत नाही. आत बसवायची पट्टी या उंचवट्यावर चढली की तिरकी बसते आणि तिच्यासोबत बोल्टही तिरका होतो. म्हणून तोंडापासून ६० मि.मी. खोलीपर्यंत तो उंचवटा कानसीने किंवा हँड ग्राइंडरने साफ करून घ्यावा.

त्यानंतर २५ मि.मी. व्यासाच्या गोल सळईचा ५५ मि.मी. लांब तुकडा कापून बुश तयार करावा. लेथवर त्याला मध्यातून १०.२ मि.मी.चे आरपार भोक पाडावे आणि १२ मि.मी.चा, १.७५ मि.मी. पिचचा टॅप मारून खालच्या बाजूने किमान ३५ मि.मी. लांबीत आटे पाडावेत. ६ मि.मी. जाडीच्या पट्टीतून ४० × ४० मि.मी.ची तळपट्टी आणि ४ मि.मी. पट्टीतून पाईपच्या आत सैलसर बसेल अशी सुमारे ३६ × ३६ मि.मी.ची वरची पट्टी कापावी. दोघींच्या मध्यभागी २५ मि.मी.चे भोक असावे. पाईपचे आतले कोपरे गोलसर असतात, म्हणून वरच्या पट्टीचे चारही कोपरे घासून घ्यावेत, नाहीतर ती आत जाताना अडकते आणि हातोडीने ठोकून बसवावी लागते.

बुश दोन्ही पट्ट्यांत घालून, दोघींच्या मध्यांमध्ये ५० मि.मी. अंतर ठेवून, आधी बाहेरच वेल्ड करावे. तळपट्टीच्या खालच्या बाजूला बुशचे तोंड किंचित आत राहील असे बसवावे, म्हणजे वेल्डचा थर घासून तळ आरशासारखा सपाट करता येतो. चाकाची बैठक याच पृष्ठावर टेकणार आहे. वेल्ड करताना बुशमध्ये एक जुना बोल्ट ग्रीस लावून आवळून ठेवावा, त्यामुळे ठिणग्यांचे थेंब आट्यांत शिरत नाहीत. मग हा पूर्ण गाभा पाईपमध्ये सरकवावा. वरची पट्टी जिथे येईल त्या उंचीवर पाईपच्या चारही भिंतींना आधीच ८ मि.मी.ची भोके पाडून ठेवलेली असावीत. त्या भोकांतून वेल्ड भरून पट्टी भिंतीला जोडावी. तळपट्टी पाईपच्या कडेला चारही बाजूंनी सलग वेल्ड करावी. चार कोपऱ्यांवर टॅक मारून थांबू नये.

मात्र पूर्ण वेल्ड करण्यापूर्वी, गाभा नुसता टॅक केलेला असतानाच, बोल्टची दिशा तपासायची असते. १२ मि.मी.ची सुमारे ३०० मि.मी. लांब आट्यांची सळई बुशमध्ये खालून फिरवून घालावी आणि पायाला गुण्या लावून ती दोन बाजूंनी पाहावी. ३०० मि.मी. लांबीत २ मि.मी.पेक्षा जास्त कल दिसला, तर टॅक तोडून गाभा सरळ करावा. फिरण्याचा आस कललेला असला की चाक नेहमी उताराच्या बाजूला वळून उभे राहते आणि ओढताना पलंग एका बाजूला खेचतो. मालक त्याचा दोष फरशीला देतो.

या रचनेत वाकवणारे बळ ५० मि.मी. अंतरावरच्या दोन पट्ट्यांत वाटले जाते, म्हणजे प्रत्येकीवर सुमारे ६५ किलोचा आडवा भार येतो आणि तो पाईपच्या भिंतीला चारही बाजूंनी जोडलेल्या पट्टीतून जातो. हेच अंतर २५ मि.मी. ठेवले असते, तर भार दुप्पट झाला असता. खर्चात पडणारा फरक एका पायामागे सळईचा एक तुकडा, पट्टीचे दोन तुकडे आणि लेथवरचे थोडे काम एवढाच आहे.

पाय जाड असेल किंवा दिसण्याची अडचण नसेल, तर बोल्टच्या चाकाऐवजी चार भोकांच्या प्लेटचे चाक घ्यावे. पायाच्या तळाला चाकाच्या प्लेटएवढी ६ मि.मी. पट्टी सलग वेल्ड करून चार बोल्टांनी चाक आवळले की वाकवणारे बळ चार बोल्टांत वाटले जाते आणि बुश, टॅप, आस यांचा सगळा व्याप वाचतो. ताकदीच्या दृष्टीने हाच जोड श्रेष्ठ आहे. पट्टी पायाबाहेर येते आणि अनवाणी चालणाऱ्याच्या अंगठ्याला लागते, म्हणून तिचे कोपरे १० मि.मी. त्रिज्येने गोल करून कडा घासून घ्याव्यात. अँगलच्या (एल आकाराच्या पट्टीच्या) पायांना तर प्लेटचेच चाक लावावे, आणि पट्टी व अँगल यांच्यामध्ये एक त्रिकोणी आधारपट्टी द्यावी, कारण अँगल उघडा असल्यामुळे पिळाला फार लवकर दाद देतो.

जोड मजबूत झाला की कमकुवतपणा वर सरकतो, हेही ध्यानात घ्यावे. चाक एखाद्या कडेला अडले की पायाच्या तळाशी आडवा धक्का बसतो आणि तो पायाच्या पूर्ण उंचीने वाढून बाजूच्या पट्टीशी असलेल्या वेल्डवर येतो. त्या ठिकाणी दोन्ही दिशांना ३ मि.मी. पत्र्याचे त्रिकोणी आधार द्यावेत.

रंगकाम आणि बसवणी

तळाकडून बंद झालेल्या पाईपला खालच्या भागात ६ मि.मी.चे एक भोक ठेवावे. पावडर कोटिंगपूर्वी सांगाडा रसायनांच्या टाकीत बुडवला जातो, आणि आत शिरलेले द्रव बाहेर पडायला वाट नसेल तर पाईप आतून गंजतो. किनारपट्टीच्या गावांत हा गंज काही पावसाळ्यांतच बाहेर फुटतो. बुशच्या आट्यांत सिलिकॉनचे बूच किंवा जुना बोल्ट घालूनच सांगाडा कोटिंगला द्यावा, कारण पावडरचा थर आटे भरून टाकतो. पावडर सुमारे २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्की होते, म्हणून प्लॅस्टिकचा कोणताही भाग त्यानंतरच बसवावा. तळपट्टीवर बैठक जिथे टेकते तेवढ्या जागेवरचा जाड रंग खरवडून काढावा; रंगाचा थर दबत गेला की आवळलेला बोल्ट सैल होतो.

चाक उलट-सुलट वळताना बोल्टला थोडा-थोडा पीळ बसत असतो आणि नुसता आवळलेला बोल्ट त्यामुळे हळूहळू सुटतो. आट्यांना थ्रेड-लॉकचे (आटे सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचे) दोन थेंब लावून, स्प्रिंग वॉशर न घालता, बैठक थेट तळपट्टीवर येईल असे पान्याने आवळावे. स्प्रिंग वॉशर घातला की बैठक पूर्ण टेकत नाही.

ब्रेक

ब्रेक लावला तरी पलंग डुलतो, ही तक्रार फार ऐकू येते आणि तिचे कारण रचनेतच आहे. साधा ब्रेक फक्त चाकाचे फिरणे थांबवतो; फोर्क बोल्टभोवती वळायला मोकळाच राहतो. आडवे अंतर २५ मि.मी. असेल, तर चाक जागेवर थांबूनही पलंगाचा पाय त्याच्याभोवती ५० मि.मी. व्यासाच्या वर्तुळात फिरू शकतो. रात्री कूस बदलताना जाणवणारी हालचाल हीच. यासाठी चाक आणि फोर्क दोन्ही एकाच वेळी बांधणारा ब्रेक घ्यावा. चारही चाकांना तो घेणे परवडत नसेल, तर पायथ्याकडील दोन चाकांना घ्यावा, कारण पलंग ओढणाऱ्याचा पाय तिथेच सहज पोचतो. उशाकडे भिंतीलगतच्या चाकाचा ब्रेक कोणीही वाकून लावत नाही.

सिंगल पलंगासाठी दोन चाकांची रचना

तीन फुटी लोखंडी पलंगाला चार चाके लावण्याऐवजी मला दुसरी रचना अधिक पसंत आहे, कारण तिच्यात झोपताना चाकावर वजनच येत नाही. चारही पाय रबरी बुचासह जमिनीवर टेकतात आणि फक्त उशाकडच्या दोन पायांच्या बाहेरच्या बाजूला न वळणारी, सरळ चाके जमिनीपासून ४ मि.मी. वर बसवली जातात. पायथ्याची बाजू उचलली की पलंग उशाकडच्या पायांच्या बाहेरच्या कडेवर कलतो, चाके खाली येतात आणि पलंग ढकलता किंवा ओढता येतो. चाकाचा मध्य पायाच्या बाहेरच्या कडेपासून ६० मि.मी. दूर ठेवला, तर १.९ मीटर लांबीच्या पलंगाचा पायथा सुमारे १२७ मि.मी. उचलल्यावर चाके जमिनीला टेकतात, म्हणजे फार वाकावे लागत नाही. हे अंतर कमी केले तर पायथा जास्त उचलावा लागेल.

रिकामा सिंगल पलंग गादीसह ५० किलोचा असेल, तर उचलणाऱ्याच्या हातात सुमारे २५ किलो येतात. त्यासाठी पायथ्याच्या पट्टीला खालून गोल पाईपची मूठ द्यावी. उशाकडे चाके ८५ मि.मी. बाहेर येतात (५० मि.मी. चाक धरून), तेवढी जागा भिंतीपाशी सोडावी लागते. आणि हा पलंग फक्त सरळ रेषेत सरकतो, खोलीच्या कोपऱ्यात वळवायचा असेल तर ही रचना उपयोगाची नाही. डबल बेडसाठीही ती सुचवणार नाही, कारण तिथे उचलायचे वजन ५० किलोपर्यंत जाते.

चाचणी

पलंग घरी पाठवण्यापूर्वी दुकानात तपासावा. प्रथम सपाट जमिनीवर उभा करून प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. एखाद्या चाकाखालून ती सहज निघाली, तर ते चाक वजन घेत नाही. बोल्ट सैल करून ही चूक झाकू नये, पायाची लांबी किंवा सांगाड्याचा पीळ दुरुस्त करावा.

नंतर भाराची चाचणी. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, त्यामुळे आठ गोण्या पलंगावर सारख्या पसरल्या की ४०० किलो होतात, म्हणजे आपल्या हिशेबातल्या ३९० किलोहून थोडे जास्त. हा भार पूर्ण एक दिवस ठेवावा. उतरवल्यावर चाकाची बैठक आणि तळपट्टी यांच्यात ०.१ मि.मी.ची फीलर पट्टी (फट तपासण्याची पातळ पट्टी) जाते का, फोर्क कललेला आहे का आणि चाक चपटे झाले आहे का, हे बघावे. फीलर आत गेली तर जोड पुन्हा करावा.

शेवटी जमिनीवर ३ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी स्क्रूने बसवून, पलंगावर दोन गोण्या ठेवून, तो पट्टीवरून दोन्ही दिशांनी अनेकदा ओढावा. ओढण्यासाठी दोरी आणि ताणकाटा वापरला तर लागणारा जोर कळतो आणि वर दिलेल्या टक्क्यांशी ताडून पाहता येतो. या चाचणीत पाय आणि बाजूची पट्टी यांच्या वेल्डवर केसासारखी चीर दिसू लागते का, याकडे विशेष लक्ष द्यावे. ती रंगाखाली लपू नये म्हणून पहिल्या नमुन्याची चाचणी रंग देण्यापूर्वीच करावी.

देखभाल

धुऱ्याभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात आणि चाक जाम होते. धुरा रिव्हेट केलेला नसून नट-बोल्टचा असेल, तर चाक काढून ते कात्रीने कापून टाकता येतात. खरेदी करतानाच हे पाहावे. धागे अडवणाऱ्या टोप्या असलेले चाक मिळाले तर उत्तम. छऱ्यांच्या ओळीत वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, थोडे ग्रीस भरावे आणि त्याच वेळी पलंग कलता करून चारही बोल्ट पान्याने तपासावेत. फिनेल किंवा आम्लाच्या पाण्याने फरशी पुसली जात असेल, तर जस्ताचा मुलामा असलेला फोर्कही खालून पांढरा पडू लागतो. अशा घरात ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा फोर्क घ्यावा. एक चाक खराब झाले तर त्याच मापाचे आणि त्याच उंचीचे चाक मिळाल्याशिवाय बदलू नये, आणि ते मिळत नसेल तर चारही एकदम बदलावीत.